मनगटावरची भीड

लिफ्टमध्ये प्रवासी म्हणून उभं राहायची मला सवय नाही. सत्तावीस वर्षं मी लिफ्टचा मिस्त्री आहे. माझी जागा डब्याच्या वर, नाहीतर खाली, नाहीतर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. त्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, हात मागे बांधून मी पाहुण्यासारखा आत उभा होतो. हत्यारांची पिशवी मुद्दाम घरी ठेवली होती. भारी घड्याळ विकायला आलेल्या माणसाच्या खांद्यावर पाने-पकडी दिसल्या, तर घेणाऱ्याच्या मनात काय येणार ते सांगायला नको.

घड्याळ पँटच्या खिशात होतं, पायमोज्यात गुंडाळलेलं. मनगटावर माझं रोजचं प्लॅस्टिकचं होतं आणि त्यात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. सहाव्या मजल्यावर जुनी भारी घड्याळं घेणारा एकजण बसतो. तो माझी वाट बघत होता. त्याच्याकडून पैसे घ्यायचे, दोन गल्ल्या ओलांडायच्या आणि कानाच्या दवाखान्यात भरायचे, एवढंच काम होतं. तिथे आमची ही बाकावर बसली होती, दोन्ही कानांत आठ दिवस वापरून बघायला दिलेली यंत्रं घालून. आठवा दिवस आजचा. सहापर्यंत पैसे भरले तर यंत्रं आमची, नाहीतर डबीत घालून परत द्यायची.

हिचे कान एकदम गेले नाहीत. आधी मी एक वाक्य दोनदा बोलायचो, मग चारदा, मग बोलायचंच सोडून दिलं. आमची भांडणंसुद्धा बंद झाली. तेच वाक्य चार वेळा ओरडून सांगायचं म्हटलं की भांडणात काही राम राहत नाही. लोकांना वाटायचं, काय गुण्यागोविंदाने राहतात दोघं.

यंत्रं घालून घरी आली त्या दिवशी ती थेट मोरीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अहो, हा नळ कधीपासून गळतोय?"

"दोन वर्षं झाली असतील."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो."

ती तिथल्याच पालथ्या बादलीवर बसली आणि हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. त्यानंतरचे आठ दिवस आम्ही नुसते बोलत होतो. शेजारणीचं, पोरीच्या सासरचं, माझ्या घोरण्याचं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेही बोललो: ऐकू येणं फार दिवस बंद राहिलं की डोकं शब्दच ओळखेनासं होतं, मग यंत्र लावूनही उपयोग नाही. तेव्हा मी धान्याच्या डब्यात हात घातला आणि तळातून घड्याळ काढलं.

ते घड्याळ मला मिळालं त्याला दोन वर्षं झाली. याच इमारतीच्या तळमजल्यावर घड्याळांची मोठी शोरूम आहे. तिच्या साहेबांची आई त्यांच्या घरच्या लिफ्टमध्ये अडकली होती, तिला मी सुखरूप बाहेर काढलं. माझं कामच ते. पण साहेबांनी शोरूमच्या समारंभात दोनशे लोकांसमोर मला बोलावलं आणि स्वतःच्या हाताने घड्याळ माझ्या मनगटावर चढवलं. टाळ्या वाजल्या. पोलादाचं, कुलपाएवढं जड घड्याळ. ते म्हणे पाण्याखाली तीनशे मीटर चालतं. मी आयुष्यात बादलीपेक्षा खोल पाण्यात उतरलेलो नाही.

आमच्या धंद्यात हाताला धातू चालत नाही. अंगठी नाही, कडं नाही, घड्याळ नाही. फिरत्या चाकात अडकलं तर घड्याळाबरोबर हातही जातो. म्हणजे कामावर ते घालायची सोय नाही. घरी ठेवायचं तर आमच्या दाराची कडी एका धक्क्याची धनी. त्यामुळे ते धान्यात पुरलं गेलं. बरं, पडून राहिलं की बंद पडायचं, म्हणून दर दोन दिवसांनी ही ते बाहेर काढून तान्ह्या बाळासारखं हलवत बसायची. लग्नकार्याला जायचं तर एकाने घरी थांबायचं, घड्याळाला सोबत म्हणून. तिला तसंही चारचौघांत काही ऐकू येत नव्हतं, मग तीच थांबायची.

फक्त साहेबांनी बोलावलं की मी ते घालून निघायचो. नाही घातलं तर साहेबांची नजर पहिली मनगटाकडे जायची. आणि साहेब बोलवायचे फार. सुट्टीच्या दिवशी, घरचं फाटक अडकलं म्हणून, मेहुणीचं कपडे धुवायचं मशीन आवाज करतं म्हणून. मी लिफ्टचा मिस्त्री, पण त्या घड्याळाने मला त्यांच्या घरचा करून टाकलं होतं, आणि घरच्या माणसाला वेळ आहे का असं कोण विचारतं! प्रत्येक वेळी मी हो म्हणालो. भीड पडायची. दोनशे लोकांच्या टाळ्या कानात वाजायच्या.

तर असं ते घड्याळ विकायला मी निघालो होतो. दिवसही हेरून निवडला होता. इमारतीतल्या दुकानांची आठवड्याची सुट्टी, सहाव्यावरचा तेवढा माझ्यासाठी येऊन बसलेला, आणि साहेब गावाला गेलेत असं मला फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं आणि समोर साहेब.

"अरे मिस्त्री! तुम्ही आज इकडे?" ते आत आले, पाचव्याचं बटण दाबलं. पाचव्यावर त्यांचं ऑफिस आहे. मग सवयीने नजर खाली गेली. "घड्याळ कुठाय?"

"आज घातलं नाही, साहेब."

"घालत जा हो. ते काय डब्यात ठेवायला दिलंय?"

डबा हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण माझा हात आपोआप खिशावर गेला. एवढ्यात पायाखाली एक हिसका बसला, वर काहीतरी कट्‌कन वाजलं आणि लिफ्ट उभी राहिली. दिवा चालू, पंखा चालू, हलणं बंद. दाराच्या फटीतून चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधली भिंत दिसत होती. बाहेरच्या एखाद्या दाराचा विजेचा संपर्क सुटला असणार, तो सुटला की लिफ्ट आपोआप थांबते. बाहेरून ते पाच मिनिटांचं काम असतं.

"आता?" साहेब म्हणाले.

"काही नाही. थांबायचं. अडकलेल्याला काही होत नाही, धडपड करून बाहेर पडायला जातो त्याचंच वाईट होतं. शांत उभे राहा."

हे मी सत्तावीस वर्षं दारापलीकडून लोकांना सांगत आलोय. पलीकडून सांगणं सोपं असतं.

साहेबांनी पिवळं बटण दाबलं. त्यावर घंटेचं चित्र आहे. काही वाजलं नाही. पुन्हा दाबलं, अंगठा पांढरा होईपर्यंत दाबून धरलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. दोघांनाही एकाच वेळी आठवलं.

ती घंटा मी काढली होती. आठ महिन्यांपूर्वी साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, "मिस्त्री, पोरं उगाच बटण दाबतात, शोरूममध्ये घंटा घणघणते, पार फाटकापर्यंत ऐकू जाते, गिऱ्हाईक दचकतं. दहा-दहा लाखांची वस्तू बघत असतो माणूस. काढून टाका ती." दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्याच्या तोंडावर म्हणालो असतो की घंटा काढता येत नाही, डब्यात फोन लागत नाही म्हणूनच ती असते. त्या दिवशी माझ्या मनगटावर ते घड्याळ होतं. मी ते उतरवून रुमालात ठेवलं, वर गेलो आणि दोन वायरी सोडवल्या. नंतर महिनाभर जेवण गोड लागलं नाही, पण परत जोडायलाही गेलो नाही.

"तुम्ही ती खरंच काढलीत?" साहेब म्हणाले.

"तुम्हीच सांगितलंत."

"पण तुम्ही मिस्त्री आहात! तुम्हाला कळायला नको?"

माणूस खरं बोलत होता.

आम्ही ओरडून बघितलं. तळहातांनी दार बडवलं. आवाज आमच्याच अंगावर येत होता. सुट्टीमुळे मजले रिकामे. पहारेकरी अंगणापलीकडे त्याच्या खोलीत फोनवर मॅच बघत असणार. सहाव्यावरचा घड्याळवाला मागच्या बाजूच्या काचबंद खोलीत, वातानुकूलित हवेत बसून, मिस्त्रीने टांग मारली असं म्हणत असणार. डब्याच्या छतातली झडप बाहेरून बोल्ट लावलेली. तो बोल्ट मीच लावतो, चांगला घट्ट. पाच वाजले. मी आता सारखा घड्याळात बघत होतो, ते अडकल्यामुळे नाही. दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ ही बघत असेल, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

साहेबांची गोष्ट वेगळी. त्यांनी कोट काढला, टाय सैल केला, कोपऱ्यात टेकले. "किती वाजले?" म्हणाले. मी सांगितलं. दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं. त्यांच्या मनगटावर सोन्याचं पातळ घड्याळ होतं, माझ्या अख्ख्या चाळीच्या किमतीचं असेल. पण सोन्याच्या तबकडीवर सोन्याचेच काटे, आणि डोळ्यांत घाम उतरलेला. त्यांना ते दिसतच नव्हतं. मी आपला प्लॅस्टिकच्या घड्याळात बघून सांगत राहिलो.

"सव्वापाच."

"मी न विचारताही तुम्ही सारखे काय बघताय? तुम्हाला कुठे जायचंय?"

त्या डब्यात खोटं बोलायला जागाच नव्हती. मी पायमोजा काढला आणि घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. "हे विकायला निघालो होतो. सहाव्यावर. बायकोला कानाची यंत्रं घ्यायचीत, सहाच्या आत."

त्यांनी घड्याळ ओळखलं. बोलले तेव्हा 'तुम्ही' गळून पडलं होतं.

"मी दिलेली वस्तू तू विकायला काढलीस? दोनशे लोकांसमोर दिली होती मी."

"तेच तर झालं ना, साहेब."

"अरे, घड्याळ काय वेळ बघायला असतं का? वेळ तर त्या तुझ्या खेळण्यातही दिसते. माणूस कुठे गेला की लोक आधी त्याचं मनगट बघतात. तुझी किंमत वाढावी म्हणून दिलं होतं."

"माझ्या मनगटाला ग्रीस असतं. ते बघून लोकांना कळतं की लिफ्ट चालू होणार. तेवढी किंमत मला पुरत होती." मग एकदा तोंड उघडलंच आहे म्हटल्यावर मी थांबलो नाही. "तुमच्या घड्याळाने मला काय दिलं सांगू? दोन वर्षांत मी तुम्हाला एकदासुद्धा नाही म्हणालो नाही. घंटा काढायलासुद्धा नाही म्हणालो नाही. मला तुमचा राग येतो. आणि त्याहून जास्त माझा येतो."

साहेब भांडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी छातीवर हात ठेवला. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. "मिस्त्री, धडधडतंय. गोळी गाडीत आहे," म्हणाले, आणि भिंतीला पाठ घासत खाली बसले. नाटक करणारी माणसं मी डब्यात पुष्कळ बघितली आहेत. हे नाटक नव्हतं.

हाताने बडवून उपयोग नव्हता. लोखंडावर लोखंड हवं. डब्याच्या दाराची चौकट पोलादी आहे, आणि डबा ज्या रुळांवर चालतो ते थेट भिंतीत रोवलेले असतात. तिच्यावर पाना आपटला की आवाज जिन्याच्या वरपर्यंत जातो, हे मला माहीत होतं. पाना घरी होता. मी घराची किल्ली आपटून बघितली, ती पत्र्याची, चमच्यासारखी किणकिणली. साहेबांच्या कमरेला कातडी पट्टा, पायात मऊ बूट. मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं. त्यांनीही बघितलं आणि सोन्याचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. एवढं त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण ते बिस्किटाएवढं पातळ आणि सोनं मऊ, त्यातून ठोका कसला निघणार! मी ते परत त्यांच्या मुठीत ठेवलं.

उरलं ते माझं.

ते मी हातात घेऊन उभा राहिलो. काच अजून कोरी होती. सहाव्यावरच्या माणसाने फोनवर बजावलं होतं, काचेवर चरा असेल तर येऊच नका. एका हातात हिचे दोन्ही कान, आणि पायाशी तो माणूस, श्वास मोजून घेणारा. घंटा जागेवर असती तर यातलं काहीच निवडायची वेळ आली नसती. मी मनातल्या मनात साहेबांना एक शिवी दिली, मग स्वतःला दोन दिल्या, आणि घड्याळाचा पट्टा मुठीला गुंडाळला.

पहिल्या ठोक्याला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. महागाचं होतं, ते कबूल करायला हवं. आवाज मात्र झकास निघत होता, खणखणीत. तीन ठोके, थोडं थांबायचं, पुन्हा तीन. नवव्या ठोक्याला काच तडकली. मग मी बघायचं सोडून दिलं. काच बोटांवर उडाली, एक काटा सुटला, आतलं चाक का काय ते जमिनीवर घरंगळत साहेबांच्या बुटापाशी गेलं. मी ठोकत होतो. रडत होतो का? होतो. साहेबांनी डोळे मिटले होते, त्यामुळे कुणी बघितलं नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. हाताला रग लागली म्हणून थांबलो, तेवढ्यात वरून, पाचव्याच्या दाराकडून आवाज आला.

"अहो! तुम्ही आहात का आत?"

मला आधी खरंच वाटलं नाही. ही बाकावर बसून कंटाळली होती. साडेपाच झाले तरी मी नाही म्हटल्यावर उठून सरळ इकडे आली होती. पहारेकऱ्याने मान वर न करता जिना दाखवला. ती एकेक पायरी चढत होती आणि चौथ्यावर तिला ठोके ऐकू आले. तिला. इमारतीत तिघं-चौघं होते, सगळ्यांचे कान धडधाकट, आणि ऐकलं हिने.

मी सवयीने फटीला तोंड लावून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "अगं, मी आहे! मी आहे आत!"

"ओरडू नका," ती म्हणाली. "येतंय ऐकू."

मी आवाज खाली आणला. घरात, नळाबद्दल बोलताना असतो तेवढा. सांगितलं की खाली पहारेकऱ्याकडे जा. माझ्या जोडीदाराचा नंबर त्याच्या भिंतीवर लिहिलाय, त्याला फोन लावायला सांग. तो येईपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही. साहेबांच्या गाडीत गोळ्या आहेत, त्या आणून ठेव, आणि डॉक्टरला बोलवायला सांग. मी एकदाच सांगितलं. तिने सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"आणखी काय?" तिने विचारलं.

माझ्या घड्याळात सहाला बारा कमी होते. आणखी एक गोष्ट सांगायची होती, आणि ती आत्ताच सांगायला हवी होती, कारण दवाखाना दोन गल्ल्या लांब होता आणि आमच्याकडे उद्या नव्हता. मी कपाळ दाराला टेकलं आणि अगदी पुटपुटलो, मलाच धड ऐकू येणार नाही इतकं. ही एवढी एक गोष्ट तिला ऐकू जाऊ नये, अशी मनापासून इच्छा होती.

"घड्याळ फुटलं गं. खालचं सगळं सांगून झालं की तशीच दवाखान्यात जा आणि यंत्रं परत देऊन ये."

मी कान दाराला लावला.

"ऐकलं," ती म्हणाली, आणि जिना उतरायला लागली.